एपीआय मॉकिंग म्हणजे काय? खोट्या उत्तरांवर खरं ॲप तपासायला कोणतं साधन कुणी वापरावं?

बुलढाणा जिल्ह्यातलं वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं महामार्गावरचं गाव. एका बाजूला मलकापूर, दुसऱ्या बाजूला नांदुरा आणि त्यापुढे खामगाव. तिन्ही ठिकाणी बाजार समित्या आहेत. सोयाबीन काढून झालं की इथल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो: माल कुठे न्यायचा?

आता हा प्रश्न बऱ्याचदा मोबाईलवर सुटतो. ॲप उघडायचं, तिन्ही बाजारांचे भाव बघायचे आणि ट्रॅक्टर त्या दिशेला वळवायचा. भाडं, हमाली, दिवसभराचा वेळ हे सगळं स्क्रीनवरच्या एका आकड्याच्या भरवशावर खर्च होतं.

तो आकडा चुकीचा असेल तर? किंवा बाजार बंद असताना ॲपने कालचाच भाव आजचा म्हणून दाखवला तर?

असं होऊ नये म्हणून ॲप लोकांच्या हातात जाण्याआधी तपासावं लागतं. गंमत अशी की ही तपासणी बहुतेक वेळा खऱ्या भावांवर होतच नाही. ती होते मुद्दाम तयार केलेल्या, खोट्या उत्तरांवर. या पद्धतीला म्हणतात 'एपीआय मॉकिंग'. ती कशी चालते, त्यासाठी कोणती साधनं आहेत आणि कोणतं कुणाच्या कामाचं, हे समजून घेऊया.

आधी एपीआय म्हणजे काय?

बाजारभाव दाखवणाऱ्या ॲपकडे स्वतःचे भाव नसतात. ते दुसऱ्या कुणाकडून मागवावे लागतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या व्यवस्थेत देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर नोंदवले जातात आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवरून ते कुणालाही मागवता येतात. त्यासाठी नोंदणी करून एक 'की', म्हणजे परवान्यासारखा क्रमांक घ्यावा लागतो.

ॲप विचारतं, 'महाराष्ट्र, बुलढाणा, सोयाबीन, भाव सांगा.' समोरचा सर्व्हर ठरलेल्या साच्यात उत्तर देतो: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. हे विचारणं आणि उत्तर देणं ज्या ठरलेल्या नियमांनी चालतं, त्या नियमांना एपीआय म्हणायचं.

तुमच्या फोनमधलं जवळपास प्रत्येक ॲप असंच चालतं. हवामान, रेल्वेचं तिकीट, ओटीपी, यूपीआय, सगळीकडे एक ॲप दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी विचारत असतं.

मग थेट खऱ्या एपीआयवरच का तपासत नाहीत?

चार कारणं आहेत.

पहिलं, समोरचा एपीआय अजून तयारच नसतो. स्क्रीन बनवणारी टीम आणि सर्व्हर बनवणारी टीम एकाच वेळी काम सुरू करतात. सर्व्हर पूर्ण होईपर्यंत स्क्रीनवाल्यांनी हातावर हात ठेवून बसायचं का?

दुसरं, खर्च आणि मर्यादा. प्रत्येक ओटीपीच्या एसएमएसला पैसे पडतात. अनेक एपीआयवर ठरावीक वेळात किती वेळा विचारायचं याला बंधन असतं. टीमच्या चाचण्या दिवसातून शंभर वेळा चालत असतील, तर खरा एपीआय कंटाळून दार बंद करतो.

तिसरं, खरी माहिती रोज बदलते. आज खामगावचा दर वेगळा, उद्या वेगळा. मग 'स्क्रीनवर अमुक आकडा दिसलाच पाहिजे' अशी चाचणी लिहायची कशी?

चौथं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. बिघाड मागवता येत नाही. बँकेला फोन करून 'दुपारी तीन वाजता तुमचा सर्व्हर पाच मिनिटं बंद करा, आम्हाला ॲप तपासायचं आहे' असं कुणी सांगू शकत नाही.

यूपीआयचं उदाहरण घ्या. गावातल्या कृषी केंद्रात बियाण्याचे पैसे भरले, खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराच्या फोनवर काहीच आलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने यासाठी मुदत घालून दिली आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेले पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेले असतील तर व्यवहारानंतर पाच दिवसांपर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

पण त्या क्षणी दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ॲप काय सांगतं? 'व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा' असं सांगितलं, तर तो दुसऱ्यांदा पैसे भरतो. 'निकाल अजून आलेला नाही, थांबा, पुन्हा भरू नका' असं सांगितलं, तर त्याचे पैसे वाचतात. दोन वाक्यांमधला हा फरक तपासायचा असेल, तर 'पैसे गेले पण उत्तर आलं नाही' ही अवस्था हवी तेव्हा तयार करता आली पाहिजे. मॉक नेमकं हेच करतो.

मॉक, स्टब, सँडबॉक्स: गोंधळ कुठे होतो?

रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच 'मॉक' म्हटलं जातं. पण फरक माहीत असलेला बरा.

*स्टब* म्हणजे ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर. 'नांदुरा, सोयाबीन' विचारलं की कायम एकच आकडा.

*मॉक* त्याच्या एक पाऊल पुढे जातो. आपल्याला काय विचारलं गेलं, किती वेळा विचारलं गेलं याचीही तो नोंद ठेवतो. 'पैसे भरा' ही विनंती ॲपने एकदाच पाठवली की दोनदा, हे तो सांगू शकतो. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये 'मॉक्स आरन्ट स्टब्स' हा लेख लिहून हाच भेद समजावला होता.

*सँडबॉक्स* म्हणजे एपीआय देणाऱ्या कंपनीनेच दिलेलं सरावाचं मैदान. उदाहरणार्थ, रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये व्यवहार मुद्दाम यशस्वी किंवा अयशस्वी करण्यासाठी वेगळे यूपीआय आयडी दिलेले आहेत. सँडबॉक्स खऱ्याच्या जवळ असतो, पण तो इंटरनेटवर आणि दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

साधनांची तुलना: कोणतं कशासाठी?

बाजारात डझनभर साधनं आहेत. सगळ्यांची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांचे गट समजले की निवड सोपी होते.

१. पाच मिनिटांत सुरुवात: जेसन सर्व्हर आणि मॉकून

*जेसन सर्व्हर* सगळ्यांत साधा. एका फाईलमध्ये माहिती लिहायची, एक आज्ञा द्यायची की तुमच्या लॅपटॉपवर एपीआय उभा राहतो. माहिती वाचणं, नवीन टाकणं, बदलणं, पुसणं सगळं चालतं. शिकणाऱ्यांसाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, ग्राहकाला नमुना दाखवण्यासाठी उत्तम. पण बिघाडाचे वेगवेगळे प्रकार, गुंतागुंतीच्या अटी वगैरे सुरू झालं की तो अपुरा पडतो.

*मॉकून* हे ओपन सोर्स डेस्कटॉप ॲप आहे. कोड न लिहिता, माऊसने क्लिक करत मॉक तयार करता येतो. उत्तर किती उशिरा द्यायचं, कोणती अट असेल तेव्हा कोणतं उत्तर द्यायचं हे रकाने भरून ठरवता येतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि लॅपटॉपवर वापरायला इंटरनेट लागत नाही. ज्यांचं काम हाताने तपासणी करण्याचं आहे, कोडिंगचं नाही, त्यांना हे लवकर जमतं. तीच मांडणी पुढे कमांड लाईनवरून आपोआप चालणाऱ्या चाचण्यांतही वापरता येते.

२. टीमला एकत्र बघायचं असेल तर: पोस्टमन

पोस्टमनची सुरुवात भारतातूनच झाली. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरचं एक छोटं एक्स्टेन्शन म्हणून ते बनवलं आणि पुढे २०१४ मध्ये कंपनी उभी राहिली. अनेक टीम एपीआय तपासायला ते आधीपासून वापरत असतातच. त्यात नमुना उत्तरं जपून ठेवली की त्यावरून क्लाउडवर मॉक सर्व्हर तयार होतो आणि त्याचा पत्ता सगळ्यांना पाठवता येतो.

फायदा असा की पुण्यातला डेव्हलपर आणि नागपुरातला टेस्टर एकाच मॉककडे बघतात. तोटा असा की इंटरनेट लागतं आणि महिन्याला किती वेळा विचारायचं याला प्लॅननुसार मर्यादा असते. दर तासाला चालणाऱ्या शेकडो चाचण्या त्यावर सोडल्या तर ही मर्यादा लवकर संपते.

३. स्क्रीन बनवणाऱ्यांसाठी: मॉक सर्व्हिस वर्कर

याला थोडक्यात एमएसडब्ल्यू म्हणतात. बाकीची साधनं वेगळा सर्व्हर उभा करतात. हे तसं करत नाही. ब्राउझरमध्येच बसतं आणि बाहेर जाणारी विनंती वाटेतच अडवून उत्तर देतं. ॲपच्या कोडला वाटतं की आपण खऱ्या एपीआयशीच बोलतोय, त्यामुळे पत्ते बदलावे लागत नाहीत. तीच उत्तरं आपोआप चालणाऱ्या चाचण्यांतही वापरता येतात. मर्यादा एवढीच की हे जावास्क्रिप्टच्या जगातलं साधन आहे. अँड्रॉइडचं कोटलिनमध्ये लिहिलेलं ॲप असेल तर याचा उपयोग नाही.

विनंती वाटेत अडवण्याचं काम *रिक्वेस्टली* हे साधनही करतं. मूळ मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅक कंपनीने ते आता आपल्यात सामील करून घेतलं आहे. आधीच चालू असलेल्या वेबसाईटवर एखादंच उत्तर बदलून बघायचं असेल, तर ते सोयीचं पडतं.

४. बिघाडांची तालीम: वायरमॉक आणि मॉकसर्व्हर

*वायरमॉक* टॉम एकहर्स्ट यांनी २०११ मध्ये सुरू केलं. जावावर आधारित आहे, पण स्वतंत्र सर्व्हर म्हणूनही चालवता येत असल्याने दुसऱ्या भाषांतल्या टीमही ते वापरतात. याची खरी ताकद बिघाडात आहे. उत्तर दहा सेकंद उशिरा द्या, अर्धवट द्या, थेंब थेंब तुकड्यांत द्या, मध्येच जोडणी तोडा, हे सगळं त्यात सांगता येतं. शेतात उभं राहून एका दांडीच्या नेटवर्कवर ॲप उघडल्यावर काय होईल, ते वातानुकूलित ऑफिसात बघायचं असेल तर असंच साधन लागतं.

शिवाय ते 'अवस्था' लक्षात ठेवतं. पहिल्यांदा विचारलं तर 'प्रलंबित', दुसऱ्यांदा 'प्रलंबित', तिसऱ्यांदा 'यशस्वी' अशी मालिका लावता येते. वर सांगितलेलं यूपीआयचं प्रकरण तपासायला नेमकं हेच हवं.

*मॉकसर्व्हर* याच वर्गातलं. मॉकिंगबरोबर मधे बसून खरी वाहतूक पुढे पाठवणं आणि काय काय विचारलं गेलं ते पडताळणं ही त्याची बलस्थानं. दोन्ही साधनं शिकायला वेळ लागतो. दोन माणसांच्या टीमला कदाचित हे जड वाटेल.

५. रेकॉर्ड करून वाजवणारी आणि इतर प्रोटोकॉलची: हॉवरफ्लाय आणि माउंटबँक

*हॉवरफ्लाय* खऱ्या एपीआयशी झालेलं संभाषण रेकॉर्ड करतं आणि नंतर तेच ऐकवतं. जुन्या प्रणालीची कागदपत्रं सापडत नसतील तेव्हा ही पद्धत वाचवते. *माउंटबँक* वेब एपीआयपलीकडे टीसीपी आणि ईमेल पाठवणारा एसएमटीपी यांचेही तोतये उभे करतं. त्या तोतयांना त्यात 'इम्पोस्टर' असंच नाव आहे.

६. कराराला धरून चालणारी: प्रिझम, मायक्रोक्स, स्पेकमॅटिक

दोन टीम काम सुरू करण्याआधी एपीआय कसा असेल हे एका फाईलमध्ये लिहून ठेवतात. त्यासाठी ओपनएपीआय हा सर्वमान्य साचा आहे. आधी त्याला स्वॅगर म्हणत. ही फाईल म्हणजे दोन टीममधला करारनामा.

*प्रिझम* ही फाईल वाचून लगेच मॉक उभा करतं आणि ॲपने कराराबाहेरचं काही विचारलं तर चूक दाखवतं. खऱ्या सर्व्हरच्या मधे बसवलं तर तो करार पाळतोय का, हेही तपासतं. *स्पेकमॅटिक* एकाच करारातून दोन्ही बाजू सांभाळतं: ॲपसाठी स्टब आणि सर्व्हरसाठी चाचणी. *मायक्रोक्स* मोठ्या कंपन्यांसाठी आहे. ओपनएपीआयबरोबर ग्राफक्यूएल, जीआरपीसी, सोप असे अनेक प्रकार ते सांभाळतं. २०२३ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या सँडबॉक्स प्रकल्पांत सामील झालं.

बाजारभावाच्या ॲपसाठी काय काय मॉक कराल?

समजा, एका छोट्या टीमने वडनेरच्या शेतकऱ्यासाठी भाव दाखवणारं ॲप बनवायला घेतलं. साधन कोणतंही असो, निदान या सात गोष्टी मॉक करून बघायला हव्यात.

- तिन्ही बाजारांचे भाव व्यवस्थित आले.
- बाजार बंद आहे, यादी रिकामी आली. ॲप 'आज नोंद नाही' म्हणतं की शून्य रुपये दाखवतं?
- खामगावचा भाव आजचा आणि नांदुऱ्याचा तीन दिवसांपूर्वीचा आला. तारखेतला फरक ठळक दिसतो का?
- दर संख्या म्हणून न येता मजकूर म्हणून आला. ॲप कोसळतं का?
- सर्व्हरने 'फार वेळा विचारलंत' असं सांगणारा ४२९ किंवा 'सेवा बंद' सांगणारा ५०३ हा कोड पाठवला.
- उत्तर यायला वीस सेकंद लागले.
- उत्तर अर्धवट आलं आणि जोडणी तुटली.

पहिली गोष्ट सगळेच तपासतात. ॲपवरचा विश्वास मात्र उरलेल्या सहा गोष्टींवर टिकतो. शून्य रुपये भाव दाखवणारं ॲप निदान हसण्यावारी नेता येतं. तीन दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून दाखवणारं ॲप माणसाला भाडं खर्चून चुकीच्या बाजारात पाठवतं.

मॉकचे तीन धोके

मॉक जुना होतो. मॉक बनवला तेव्हा समोरचा एपीआय जसा होता, तसाच तो मॉकमध्ये गोठतो. उद्या समोरच्यांनी एका रकान्याचं नाव बदललं, तर खरं ॲप बंद पडेल, पण मॉकवरच्या सगळ्या चाचण्या हिरव्याच राहतील. म्हणून करारावर आधारित साधनं महत्त्वाची. ती वापरायची नसतील, तर निदान रोज एकदा खऱ्या एपीआयला विचारून साचा जुळतोय का ते बघणारी एक छोटी चाचणी हवीच.

मॉक गळतो. तपासणीसाठी ठेवलेला खोटा पत्ता किंवा खोटा आकडा चुकून लोकांच्या ॲपमध्ये गेला तर? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. मॉकमध्ये कुणी सहज ५,६०० लिहिलं असेल आणि तेच स्क्रीनवर आलं, तर कुणालाही शंका येणार नाही. म्हणून मॉकमधला दर मुद्दाम अशक्य ठेवावा, जसं की ९९,९९९. बाजाराचं नावही 'चाचणी बाजार' असंच द्यावं. गळती झालीच तर पहिल्याच नजरेत कळली पाहिजे.

मॉकमध्ये खऱ्या माणसांची माहिती राहते. खरं संभाषण रेकॉर्ड केलं की त्यात मोबाईल नंबर, खाते क्रमांक, सातबाऱ्यावरची नावं येतात. ती फाईल सगळ्या टीमच्या लॅपटॉपवर फिरते. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी हे चूकच. रेकॉर्डिंग जपून ठेवण्याआधी नावं आणि क्रमांक बदलून टाकणं हा पहिला नियम हवा.

निवडण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

१. मॉक कोण बनवणार? कोड न लिहिणारे असतील तर मॉकून किंवा पोस्टमन.
२. तो कुठे चालणार? फक्त ब्राउझरमध्ये असेल तर एमएसडब्ल्यू, सर्व्हरच्या चाचण्यांत असेल तर वायरमॉक किंवा मॉकसर्व्हर.
३. बिघाड किती खोलात तपासायचे? पैशांचा व्यवहार असेल तर उशीर, तुटलेली जोडणी आणि बदलत्या अवस्था आल्याच.
४. दोन वेगळ्या टीम आहेत का? असतील तर आधी करार लिहा, मग प्रिझम किंवा स्पेकमॅटिक.
५. इंटरनेट आणि मर्यादा यांचं काय? क्लाउडवरच्या मॉकला दोन्ही लागू होतात.
६. साधन जिवंत आहे का? ओपन सोर्स प्रकल्पाची शेवटची आवृत्ती कधी आली आणि तक्रारींना उत्तरं मिळतात का, ते बघूनच पुढे जा.

एकच साधन सगळीकडे पुरेल असा हट्ट नको. स्क्रीनसाठी एमएसडब्ल्यू आणि सर्व्हरसाठी वायरमॉक असं दोन्ही वापरणाऱ्या टीम असतात. नवी टीम असेल तर मॉकूनने सुरुवात करून गरज वाढेल तसं पुढे जाणं हाही चांगला मार्ग आहे.

थोडक्यात

मॉकमुळे काम थांबत नाही, खर्च वाचतो आणि जो बिघाड मागवता येत नाही त्याची तालीम करता येते. पण मॉकवर पास झालेलं ॲप म्हणजे फक्त तालमीत पास झालेलं ॲप. शेवटची तपासणी खऱ्या एपीआयवर, खऱ्या फोनवर आणि जमलं तर खऱ्या गावातल्या नेटवर्कवरच व्हायला हवी.

वडनेरचा शेतकरी ॲप उघडेल तेव्हा त्याला मॉक हा शब्दही माहीत नसेल, आणि असायची गरजही नाही. स्क्रीनवरचा भाव आजचा आहे आणि नसेल तर ॲप तसं सरळ सांगतंय, एवढी खात्री त्याला मिळाली की काम झालं. ट्रॅक्टर मलकापूरला न्यायचा की नांदुऱ्याला, ते तो बघून घेईल.